चांदीचं नाणं मी सोन्याचं केलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आणि माझ्यासारख्या बाईच्या पोटात एखादी गोष्ट वीस वर्षं टिकली, हे झाशीतल्या कुणालाही खरं वाटणार नाही. गणपतीत आमच्या मराठी मंडळींसमोर मी साहेबलोकांच्या नकला करते. नगरा मोहल्ल्यातल्या भाजीवाल्या भैयाला आधी दहा मिनिटं हसवते आणि मग भेंडीचा भाव विचारते. आणि ही एकच गोष्ट — नाही सांगितली. का? थांबा. आधी पुस्तक तर बघा.

बघा म्हणजे, डोळे मिटा. हातभर लांब, विटकरी चामड्याची बांधणी, आत कुठली तरी परकी भाषा. ज्यांचं पुस्तक, ते अप्पा म्हणायचे डच. वाचता त्यांनाही येत नव्हती. व्यापाऱ्यांसाठीचं पुस्तक — कुठल्या बंदरात कुठलं नाणं चालतं, कापड कसल्या गजानं मोजतात, धान्य कसल्या मापानं. चित्रं काळ्या शाईत छापलेली, आणि त्यांत कुणीतरी, कधीकाळी, एकेक करून हातानं रंग भरलेला. सोन्याची नाणी पिवळी, चांदीची फिकट निळसर, तांब्याची लालसर. पान उलटलं की वाटायचं, एखादं झोपलेलं शहर कूस बदलतंय. मला स्वप्नंसुद्धा तिथलीच पडायची — मी कुठल्याशा धक्क्यावर उभी, कुणीतरी माझी सावली गजानं मोजतंय, आणि आकडा मला सांगत नाहीये.

अप्पा म्हणजे निवृत्त मास्तर. जुने झाशीकर, किल्ल्याखालच्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. हे पुस्तक त्यांच्या आजोबांनी छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलं होतं. आम्ही नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमुळे इकडे आलेलो. मी कारखान्यात ट्रेसर होते. इंजिनियरांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे शाईनं गिरवायचे, हे माझं काम. “तुझा हात स्वच्छ आहे, शुभा,” असं म्हणून अप्पांनी मला पुस्तक उघडू दिलं. दर रविवारी दुपारी. चित्रांच्या नकलाही उतरवू दिल्या.

काकूंना, त्यांच्या बायकोला, मात्र चाळीस वर्षांत एकदाही हात लावू दिला नाही. “हळदीचे हात तुझे, लांबूनच बघ.” काकू चहा ठेवायच्या आणि उंबऱ्यात उभ्या राहून मान उंच करायच्या. मी पान जरासं त्यांच्याकडे कलतं करायचे. बस, तेवढंच.

मग काकू गेल्या. रविवार चालू राहिले.

अशाच एका दुपारी — पंखा संथ फिरतोय, अप्पा खुर्चीतच घोरतायत — मला ते नाणं दिसलं. पानभर पिवळी नाणी, आणि कोपऱ्यातलं एक कोरं. रंगारी विसरला होता! आता सांगा, जिचा जन्म अर्धवट नकाशे पुरे करण्यात गेला, तिनं काय करावं? माझा ब्रश ओलाच होता. बशीत पिवळा रंग तयार होता. श्वास रोखला, आणि भरला. इतका सुबक बसला म्हणून सांगू! परत घरी जाताना ऑटोत मी एकटीच हसत होते.

ही खोडी. इथवर मी कदाचित गणपतीतही सांगितलं असतं.

अप्पांची एकच इच्छा उरली होती — पुस्तक संग्रहालयात जावं, खाली घराण्याचं नाव असावं. त्यांनी लखनौला पत्र लिहिलं. त्यात छातीठोकपणे कळवलं, की आमच्या घरात याला कुणीही ब्रश लावलेला नाही. एक जाणकार गृहस्थ आले. भिंग घेऊन पान-पान बघत गेले, आणि कोपऱ्यातल्या नाण्यावर थांबले.

“बाकी सब असली है, मास्टरजी. पर ये एक तो अभी का रंग है. और मज़ा देखिए, नीचे चाँदी लिखा है — किसी ने सोना बना दिया!”

ते हसले. अप्पांचा चेहरा पडला. ते माझ्याकडे वळले, संशयानं नव्हे — मी त्यांची साक्षीदार होते ना! “शुभा, तू सांग यांना.”

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, “काकूंनी भरला होता, अप्पा. मी पाहिलं होतं.”

अप्पांनी पुस्तक मिटलं. पाहुण्यांना म्हणाले, “अब नहीं दूँगा. ये मेरी घरवाली का है.”

पुढच्या रविवारी त्यांनी हळूच विचारलं, कशी बसली होती ती? आणि मी सांगितलं. आधी काकूंनी पदरानं हात पुसले, तीनदा. मग खाली मांडी घातली. जीभ दातांत धरली होती.

“मागितलं असतं तर दिलं असतं मी,” अप्पा म्हणाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “नसतं दिलं.”

तेव्हा सांगता आलं नसतं का मला? त्यानंतर चार वर्षं अप्पा जगले. पुस्तक काकूंच्या फोटोपुढे त्याच पानावर उघडं असायचं. ते रोज फोटोकडे बघून म्हणायचे, चुकलं माझं. माझ्यादेखत म्हणायचे. आणि दर रविवारी मला म्हणायचे, पुन्हा सांग. मी उठून करूनच दाखवायचे — काकूंची मान, काकूंचा पदर, दाराकडे चोरून बघणं. कधी त्या गुणगुणत होत्या, कधी त्यांना ठसका आला आणि ब्रश पडता-पडता राहिला. काकूंनी त्या पुस्तकाला आयुष्यात बोटही लावलं नव्हतं.

भीतीनं बोलले म्हणावं, तर पहिल्या दिवशी — हो. पुढे कोण जाब विचारत होतं मला? अप्पांकडे जाताना ऑटोत मी ठरवत असायचे, आज गोष्टीत काय नवीन घालायचं. अप्पांचे डोळे भरून आले की आवाज खाली आणायचे आणि मध्येच थांबायचे. कुठे थांबलं की ऐकणारा पुढे झुकतो, हे मला नेमकं ठाऊक आहे. अप्पा झुकायचे. आणि मला — आता सांगतेच — मला फार मजा यायची.