बटाट्याचे कंटेनर

मुलगी दुसरीत जाईपर्यंत तिच्या शाळेचे सगळे प्रोजेक्ट मी केले. आज हे सांगताना लाज वाटते, तेव्हा अभिमान वाटायचा. तिने कागद जरा तिरका कापला की माझं डोकं फिरायचं. "आण इकडे," म्हणून मी कात्री ओढून घ्यायचे. कापसाचा ससा, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, चमचमत्या कागदाचा मोर, सगळं माझ्या हातचं. ती शेजारी बसून गमची बाटली धरायची. शाळेत तिला स्टार मिळायचे आणि मी चारचौघींत मिरवायचे.

घणसोली गावातल्या गल्लीत, आमच्या टॉवरच्या मागेच, एका आगरी मावशींचं स्टेशनरीचं दुकान आहे. मी चार्टपेपर उलटापालटा करून कुठे डाग आहे का बघत बसायचे. एकदा त्या म्हणाल्या, "कोनाचा हाय प्रोजेक्ट? पोरीचा का तुजा?" मी हसून वेळ मारून नेली, पण घरी येईपर्यंत धुसफुसत होते. यांना काय करायचंय नसत्या चौकशा!

मग एक दिवस बाईंचा शाळेतून फोन आला. "क्राफ्टच्या तासाला ती नुसती बसून असते, मॅडम. कागद दिला की म्हणते, घरी आई करेल."

फोन ठेवला आणि एकेक गोष्ट डोळ्यांसमोर यायला लागली. बुटाची लेस? तू बांध. वाढदिवसाला कुठला फ्रॉक? तू सांग. पोळीला तूप की गूळ? तू ठरव. सात वर्षांची पोर, आणि तिला स्वतःचं असं काही करावंसंच वाटत नव्हतं. मी खरंच घाबरले. आपण हिला कायमचं बसवून ठेवलं की काय?

आता घरी तिच्याकडूनच काहीतरी करून घ्यायचं, असं मी ठरवलं. पहिल्या रविवारी भेंड्या कापल्या, ताटलीत रंग काढले. कसं करायचं ते दाखवावं म्हणून मी एक फूल उमटवलं. मग दुसरं. मग वेल काढली. तिने शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "तुझं छान येतंय. तूच कर." मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या रविवारी कणकेत हळद आणि बीटचा रस घालून रंगीत गोळे करून दिले आणि मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. पण तोंड कसं गप्प बसणार? "शेपटी लांब कर, डोळे नीट बसव," माझं तिकडून चालूच. थोड्या वेळाने ती हात धुऊन टीव्हीसमोर बसली. नवरा म्हणाला, "तू तिला करू देतच नाहीस." त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. रात्री मात्र मला कळत होतं, त्याचं काही चुकलेलं नाही.

तिसऱ्या रविवारी मी फक्त बटाटे, रंग आणि एक मोठा कागद हॉलमध्ये ठेवला. करून काही दाखवलं नाही. तिच्याकडे पाठ करून मेथी निवडायला बसले. अर्धा तास काहीच आवाज नाही. मेथीची पानं कमी आणि काड्याच जास्त माझ्या भांड्यात पडत होत्या. मग तिचा आवाज आला, "बाबा, मला याचा लांबडा चौकोन कापून दे." आणि पाठोपाठ कागदावर थप, थप, थप.

तिचे बाबा न्हावा शेवा बंदरात कस्टम एजंटच्या ऑफिसात काम करतात. एकदा त्यांनी तिला गाडीतून तिकडचं कंटेनरचं यार्ड दाखवून आणलं होतं. मी हळूच मान वळवून बघितलं. कागदभर कंटेनर होते, लाल, निळे, हिरवे, एकावर एक रचलेले. रंगाचे ओघळ आलेले, मध्येच बोटांचे ठसे. आणि सगळ्यात वरचे तीन असे कलले होते की माझा जीव वरखाली झाला.

"अगं, हे सरळ कर की," म्हणत मी उठले आणि माझा हात गेलाच.

तिने रंगाने बरबटलेल्या हाताने माझ्या मनगटावर फाडकन चापट मारली. "हात लावू नकोस! माझं आहे ते! आणि ते पडतायत, क्रेनवाल्याची चूक झालीय."

एरवी आईवर हात उगारला म्हणून मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. नवरा दारात उभा राहून हसत होता.

"सॉरी," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बटाटा पुन्हा लाल रंगात बुडवत म्हणाली, "तू तिकडे जाऊन बस."

मी गेले.