प्लॉटभोवतीची अंबाडी

मी पुण्याला निघालो त्या दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला आधी स्टेशनवर नेलंच नाही. भोकरदनच्या बसमधून जालन्यात उतरल्यावर त्यांनी ऑटो केला आणि नवीन जालन्याच्या पुढे, जिथे डांबर संपून मुरूम सुरू होतो, तिथे आमच्या प्लॉटवर नेऊन उभं केलं. रानाचा एक तुकडा विकून घेतलेली ही जागा. कोपऱ्यांना चुना फासलेले दगड. अण्णांनी एकेक दगड पायानं हलवून पाहिला.

"नीट बघून ठेव. मंग म्हनशील, आपला कोणता." माझं सगळं लक्ष गाडीच्या वेळेकडे होतं.

अण्णांचा कोणावरच भरवसा नाही. खरेदीखत झालं, नाव लागलं, तरी मोजणीवाल्यावर संशय, शेजारच्या प्लॉटवाल्यावर संशय, तिथे चरायला येणाऱ्या शेळ्यांवरसुद्धा संशय. "कागद ऱ्हातो पेटीत. इथं कायतरी उभं दिसाया पाह्यजे," असं त्यांचं म्हणणं. म्हणून दर पावसाळ्यात ते गावाहून बसनं येऊन तिथे तूर टाकतात आणि चारी बाजूंनी बांधावर लावतात तशी अंबाडी. आजूबाजूला बंगले उठले आणि मधे आमची तूर. मला त्याची लाज वाटायची.

पण तो स्वभाव माझ्यातही उतरलाय. पुण्यात फ्लॅट घेताना बिल्डरचा माणूस 'गार्डन व्ह्यू' म्हणाला, तेव्हा मी विचारलं, गार्डन कोणाच्या जागेत? तो नुसता हसला. आज तिथे दुसरा टॉवर उभा आहे आणि माझ्या गॅलरीत दुपारीही दिवा लागतो. हप्ता मात्र वेळेवर कापला जातो.

गावाकडच्यांनो, तुम्ही फोनवर सांगता की महामार्ग आला, जालन्यात जागेला हात लावता येत नाही, चहाच्या टपरीवरचा प्रत्येक दुसरा माणूस एजंट झालाय. इकडे आलेल्यांनो, हे ऐकून आपण काय करतो ते आपल्यालाच ठाऊक. मीही केलं. पोळ्याच्या आसपास आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका एजंटची जाहिरात आली. मी त्याला फोन करून त्या भागातला भाव विचारला, नाव न सांगता. त्यानं व्हिडिओ पाठवला. "साहेब, जल्दी करा. बिलकुल क्लिअर मॅटर हाय."

व्हिडिओत एक मोकळा प्लॉट, आत तूर, चारी बाजूंनी अंबाडी. कडेला पांढरी टोपी घातलेला एक वाकलेला माणूस अंबाडीचा पाला खुडत होता.

प्लॉट आमचा होता आणि तो माणूस म्हणजे अण्णा. "ते म्हातारबाबा कोण?" मी परत फोन लावून विचारलं.

"राखणदार हाय आमचा. सौदा झाला का उठतो."

दुसऱ्या दिवशी मी जालन्यात होतो. एजंटचा फोन बंद. अण्णा प्लॉटवरच होते. मी व्हिडिओ दाखवला, सगळं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा मागून बोलणाऱ्या एजंटचा आवाज कान देऊन ऐकला.

"ह्यो पोरगा तर मला पानी आनून देतो," ते म्हणाले. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाला एकच जण भला वाटला होता, तो हा. "राखनदार म्हनला का? बराबर हाय. राखूनच राह्यलो मी."

मग ते उठले, एकेक दगड पायानं हलवत चौथ्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथूनच, माझ्याकडे न बघता विचारलं,

"पन तुला भाव कशाला पाह्यजे होता?"

मी फोन खिशात टाकला. निघताना अण्णांनी अंबाडीची एक जुडी माझ्या पिशवीत घातली, तेवढंच.

फ्लॅटच्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे, पण त्या जागेचा भाव तुला कशाला, असं मला कोणी कधी विचारलं नाही. ज्या जागेवर अजून एक वीटही नाही तिलाच मी आता घर म्हणतो. तिथे माझी वाट बघणारा माणूस माझ्यावर नजर ठेवून आहे. भाव मी पुन्हा कोणाला विचारलेला नाही. अण्णांना मात्र ते खरं वाटत नाही.