झोळीतलं कलिंगड

दिनकर गेल्याचं मला आमच्या सामाईक भिंतीपाशीच कळलं. सुमनवहिनींनी पलीकडून हाक मारली, "भावजी, जरा येता?" त्या आवाजावरूनच मी समजलो. बेलवलीत आमची परसं एकमेकांना लागून आहेत. अंबरनाथच्या कारखान्यातून आम्ही मागेपुढे निवृत्त झालो, तेव्हापासून सकाळचा चहा त्या भिंतीवर कप ठेवूनच व्हायचा. आता तिथे माझा एकट्याचा कप असतो...

त्याला मोठं कलिंगड पिकवायचं वेड होतं. परसात जागा जेमतेम, म्हणून वेल जाळीवर चढवलेला. वेलावर एकच फळ ठेवायचा, बाकीची कोवळी खुडून टाकायचा. मला ते बघवत नसे. फळाचा भार देठाला पेलेना, तेव्हा त्याने वहिनींच्या जुन्या सुती साडीची झोळी करून टांगली. रोज फळावर टिचकी मारून म्हणायचा, "ऐक वसंता, अजून कच्चं बोलतंय."

ते कलिंगड गल्लीच्या सत्यनारायणाला कापायचं ठरलं. त्या सकाळी मी माझ्या सफरचंदावरचा स्टिकर काढला आणि दिनकरची पाठ वळताच फळाच्या बुडाशी चिकटवला. जरा हसू, मग सांगून टाकू, एवढंच मनात होतं. कापताना तो स्टिकर कुणाला तरी दिसला. "काय दिनकरराव, वेल उल्हासनगरच्या मार्केटात लावलात वाटतं!" सगळा मांडव हसला. मीही हसलो. "अहो, आमच्या परसातलं आहे," असं तो जितकं सांगे तितका हशा वाढे... आणि माझं सांगायचं राहून गेलं. गल्लीत त्याचं नाव 'मार्केटवाले' पडलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याने वेल लावला नाही. विचारलं तर म्हणाला, "पाणी घालायचा कंटाळा येतो रे." चहा मात्र चालू राहिला, अगदी शेवटपर्यंत.

परवा वहिनी ती झोळी सोडवत होत्या. मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. त्या गाठीशी झटत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं, भावजी. कलिंगडाला सफरचंदाचा स्टिकर! आणि तसली परदेशी सफरचंदं गल्लीत तुमच्याशिवाय खातं कोण?"

"मग बोलला का नाही कधी?"

"म्हणायचे, वसंता सांगेल. चहाला येतोच की रोज."

गल्लीतले बरेच जण ही पुरवणी वाचतात, म्हणून इथेच लिहितो. ते कलिंगड दिनकरच्याच परसात वाढलं. मी ते रोज पाहत होतो.

झोळी मी मागून घेतली आणि भिंतीच्या माझ्या बाजूला टांगली आहे. आत काही नाही. पण कापड मधोमध ताणलं गेलंय, तिथे त्या फळाचा गोल अजून तसाच आहे... सकाळी कप ठेवताना हात आपोआप तिकडे जातो, टिचकी मारायला.