नदीमभाईंच्या टाळ्या

नदीमभाई टाळ्या वाजवायला लागले की समजायचं, आपण माती खाल्ली.

चांगल्या खेळाला ते कधी टाळी देत नसत. चांगलं काही घडलं की पाण्याची बाटली तोंडाला लावायचे आणि भलतीकडेच बघायचे. पण बॉल हातातून निसटला किंवा समोरच्या टीमच्या माणसाच्या कुशीत जाऊन पडला, की मैदानाच्या कडेने सावकाश, सुटी सुटी टाळी ऐकू यायची. मुशायऱ्यात एखाद्या बुजुर्ग शायराला दाद द्यावी तशी. वर पुन्हा, "सुभानल्ला! क्या फेंका है! अडवू नका रे कुणी, फुजैरापर्यंत जाऊ दे." सगळ्यात जास्त दाद मला मिळाली. दोन वर्षं रोज मिळाली.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे तिथे कुणाला काय विचारायचं, हे विचारायलाही कुणी नव्हतं. अब्बा दुबईपासून दीड-दोन तासांवर मुसफ्फाला एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर, राहायला कंपनीच्या कॅम्पात. मी बारावी करून म्हसळ्याहून आलो आणि दुबईच्या कॉलेजच्या हॉस्टेलात राहिलो. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर 'फ्लॅग फुटबॉल' असं वाचलं आणि फुटबॉल समजून गेलो. तिथे बॉल हाताने फेकत होते. बॉलही गोल नव्हता, दोन्ही टोकांना निमुळता, न सोललेल्या नारळासारखा. पायाशी आलेला एक मी उचलून बघितला, चुकीच्या मैदानावर आलोय असं वाटून तो हातात घेऊनच परत फिरलो, तेवढ्यात एक बुटका, दाढीवाला सीनियर समोर आला.

"वेअर आर यू फ्रॉम?"

"म्हसळा."

"व्हिच एमिरेट इज दॅट?"

मी अगदी मनापासून सांगितलं, "सर, जिल्हा रायगड."

त्यांनी कपाळाला हात लावला आणि मराठीवर आले. "या अल्ला. आम्ही दापोलीवाले काय कमी होतो या देशात, की आता रायगडही आलं! सर नको म्हणू, नदीमभाई म्हण. आणि घरी जायचं असेल तर तो बॉल देऊन जा." त्या दिवसापासून माझं नाव म्हसळा. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

नदीमभाई दुबईतच, डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वस्तीत वाढलेले. आई मराठीत विचारायची, ते इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे, आणि टोमणा मारायची वेळ आली की तिन्ही-चारही भाषा एकदम वापरायचे. ते आमच्या टीमचे क्वार्टरबॅक होते. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: कमरेला दोन फडकी लटकवून खेळतात, ज्याच्याकडे बॉल आहे त्याचं फडकं ओढलं की तो थांबला. क्वार्टरबॅक म्हणजे बॉल पहिल्यांदा ज्याच्या हातात येतो तो माणूस. तो मागे उभा राहून ठरवतो, पुढे पळणाऱ्या आपल्या कुणाकडे बॉल फेकायचा. कुणी कुठे पळायचं हेही तोच सांगतो. थोडक्यात, सगळ्यांना हुकूम सोडणारा माणूस.

आणि हुकूम सोडणं मला कुठलं जमायला? क्रिकेटमध्ये बाउंड्रीवरून फेकून फेकून माझा हात लांबचा झाला होता, नदीमभाईंपेक्षा बराच लांबचा. म्हणून आमचे कोच, केरळचे मॅथ्यू सर, मला क्वार्टरबॅक करायला बघत होते. पण आमच्या घरी दस्तरखानावर वडीलधाऱ्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नाही. तीच सवय माझ्या मानेत होती. बॉल हातात आला की मी आधी नदीमभाईंकडे बघायचो. टाकू का? ते पुढे पळणाऱ्यांत असले तरी बघायचो, कडेला बसले असले तरी बघायचो. मला ते कळतही नव्हतं. समोरच्यांना मात्र लगेच कळायचं. मी बघायचो तिकडे दोघं-तिघं धावत जायचे आणि बॉल त्यांचा.

"म्हसळा," ते म्हणायचे, "तू पास नाही रे टाकत. तू अर्ज करतोस. मंजूर झाला की मग बॉल सोडतोस. तोपर्यंत समोरचा चहा पिऊन येतो."

एकदा ते माझ्या पाठीमागे जाऊन उभे राहिले, म्हणजे दिसणारच नाहीत. "आता टाक. मी मेलो असं समज."

मी बॉल खाली ठेवला. "नदीमभाई, असं अभद्र बोलू नका."

त्यांनी तो बॉल उचलून काखेत घेतला. मग मॅथ्यू सरांना म्हणाले, "सर, धिस बॉय विल टेक जनरेशन्स."

त्यांच्या अम्मी सांदणं करायच्या. दर आठवड्याला एक डबा माझ्यापर्यंत यायचा आणि तो देण्याची त्यांची पद्धत ठरलेली. "घे. उरलीत. फेकूनच देणार होतो." डब्याचं झाकण वाफेने ओलं असायचं. मी एकदा भीत भीत म्हणालो, "अजून गरम आहेत." तर म्हणाले, "आमचा कचरा गरमच असतो, हबीबी. दुबई आहे."

माझ्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे त्यांच्या शेवटच्या वर्षी, कॉलेजांची लीग ठरली. मॅथ्यू सरांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "ओन्ली वन विल स्टार्ट." पलीकडच्या कॉलेजबरोबर गुरुवारी एक सरावाची मॅच होती. पहिला अर्धा नदीमभाई, दुसरा अर्धा मी. जो चांगला खेळेल तो लीगमध्ये पहिल्यापासून खेळणार.

मला ती जागा हवी होती, आणि का हवी होती तेही सांगतो. अब्बांनी माझं कॉलेज कधी पाहिलं नव्हतं. रविवारी ते ओव्हरटाइम करायचे. फोनवर मी खेळाबद्दल सांगितलं तेव्हा आधी त्यांनी विचारलं, "हाताने खेळता, तर फुटबॉल कसला?" मग म्हणाले, "तू मैदानात असशील त्या रविवारी येतो. कडेला बसलेला बघायला मुसफ्फाहून कोण येईल? कडेला तर मी इथेही बसतो."

हे मी नदीमभाईंना सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित, पण त्यांच्याशिवाय सांगणार कुणाला? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुझ्या अब्बांसाठी मी जागा सोडू? माशाल्ला. माझे अब्बाही येणार आहेत रे. ते तर गाडीने दहा मिनिटांवर राहतात, त्यांना न यायला कारणही नाही."

"नाही नाही, तुम्ही सोडावी असं मी..."

"सोडणारच नाहीये. घेऊन दाखव."

तरी रोज सराव संपल्यावर थांबून ते माझ्याकडून लांबचे बॉल टाकून घेत होते. मला राहवलं नाही. विचारलं, तुम्ही मला का शिकवता? तर म्हणाले, "शिकवत कोण बसलंय? मी तुला हरवणार आहे. पण तू आत्ता जसा खेळतोस, तसं तुला हरवलं तर मला घरी सांगायला लाज वाटेल."

गुरुवारी ते व्यवस्थित खेळले. छोटे छोटे पास, एकही वाया नाही. माझ्या वेळी सरांनी त्यांना पुढे पळायला ठेवलं. आता समोर साक्षात नदीमभाई. मी प्रत्येक वेळी त्यांच्याकडे बघितलं. पलीकडच्या कॉलेजच्या पोरांनी दोनदा वाट बघून बॉल उचलला, तिसऱ्यांदा तर त्यांच्यातला एक जण मी बघायच्या आधीच नदीमभाईंशेजारी जाऊन उभा राहिला. धावत असतानाही नदीमभाईंनी टाळ्या वाजवल्या. सरांनी त्यांचं नाव जाहीर केलं तेव्हा कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. मलाही नाही.

मी अब्बांना फोन केला. म्हटलं, येऊ नका, मी कडेला आहे.

"फोरमनकडून सुट्टी मागून झाली. आता ती परत कुठे करू? येतो."

लीगची पहिली मॅच त्याच पलीकडच्या कॉलेजशी होती. अब्बा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसले, कुणाची जागा अडायला नको म्हणून. मी कडेला बाटल्या सांभाळत होतो. नदीमभाई खेळत होते, पण समोरच्यांनी त्यांचा हात ओळखला होता. लांबचा बॉल येत नाही म्हटल्यावर सगळे जवळच येऊन उभे राहायचे. शेवटचं मिनिट उरलं आणि आम्ही सात गुणांनी मागे. नदीमभाई स्वतः चालत सरांकडे आले.

"सर, माझा हात खलास. म्हसळ्याला घ्या."

"आर यू शुअर?"

"बिलकुल नाही. पण त्याचे अब्बा बसून बसून कंटाळलेत. पोरगा निदान उभा तरी दिसू दे."

मग मला बाजूला घेतलं. "ऐक. मी पुढे पळतोय. बॉल आला की माझ्याकडे बघ."

"पण तुम्हीच तर दोन वर्षं..."

"आज बघ. नीट अदबीने बघ. नव्या जावयाकडे बघतात तसं."

"आणि बॉल?"

"बॉल माझ्याकडे टाकलास तर तुला चालत म्हसळ्याला पाठवीन. पलीकडून ओमर पळेल. त्याच्याकडे टाक."

ओमर आमचा इजिप्तचा, टीममधला सगळ्यात वेगवान. बॉल हातात आला. मी नदीमभाईंकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा काही न विचारता बघितलं. दोघं त्यांच्याकडे धावले, तिसराही धावला. मी वळलो आणि दुसऱ्या बाजूला होता नव्हता तेवढा जोर लावून बॉल सोडला. ओमर एकटाच होता. सहा गुण. सगळे ओरडत होते. नदीमभाईंच्या हातात बाटली नव्हती, म्हणून ते नुसतेच पार्किंगकडे बघत उभे राहिले.

सहा गुण मिळाले की आणखी एका गुणासाठी जवळून एक संधी मिळते. तो एक मिळाला की बरोबरी. बॉल आला. ओमरभोवती आता दोघं होते, आणि नदीमभाई चक्क मोकळे. एकदा फसल्यावर त्यांच्याकडे कुणी जायलाच तयार नव्हतं. मी त्यांच्याकडे न बघता, काही न विचारता, सरळ बॉल टाकला.

तो त्यांच्या छातीवर आपटला आणि खाली पडला. ते तयारच नव्हते. माझ्या नजरेची वाट बघत होते. दोन वर्षांत त्यांनाही सवय झाली होती.

शिट्टी वाजली. एका गुणाने हरलो. आमची पोरं माना खाली घालून कडेला चालायला लागली. आणि तेवढ्यात मला टाळ्या ऐकू आल्या. सावकाश, सुट्या सुट्या. मी इकडेतिकडे बघितलं. हात माझेच होते.

"सुभानल्ला, नदीमभाई," मी म्हणालो. "क्या पकडा है."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग गवतावर बसले आणि इतके हसले की मॅथ्यू सर घाबरून धावत आले, त्यांना वाटलं काही लागलंय. त्यांच्या मागोमाग अब्बा आले, वरच्या पायरीवरून थेट मैदानात. मला वाटलं, मिठी मारतील.

"मोठ्या माणसाची चूक झाली, तर टाळ्या वाजवतोस?" अब्बा म्हणाले. "हे शिकायला पाठवलं तुला? माफी माग."

माझी मान आपोआप खाली गेली. नदीमभाई उठले, शर्ट झटकला, अब्बांना सलाम केला. "चाचा, त्याला काही बोलू नका. प्लीज. याला एवढं बिघडवायला मला दोन वर्षं लागली. तुम्ही एका मिनिटात सुधारून टाकाल." मग सरांकडे वळले. "सर, नेक्स्ट मॅच, ही स्टार्ट्स. याने अर्ज करणं बंद केलंय."

सरांनी मान हलवली. नदीमभाई हे म्हणाले आणि वळून बुटांच्या नाड्या सोडत बसले. दोन्ही बुटांच्या नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या, पुन्हा सोडल्या. माझ्या लक्षात आलं, त्यांचे अब्बा आले नव्हते.

पुढची मॅच मी पहिल्यापासून खेळलो. नदीमभाई कडेला होते. मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही, पण ओमरने नंतर सांगितलं की त्या दिवशी त्यांनी एकट्याने सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या केल्या.

डिग्री घेऊन ते देशाच्या पार दुसऱ्या किनाऱ्याला, फुजैराला गेले, मामूंच्या कंपनीत. बंदरात आलेल्या जहाजांना किराणा पुरवतात. "चार वर्षं इंजिनिअरिंग केलं," फोनवर म्हणाले, "तेव्हा कुठे आता मला जहाजावर बटाटे विश्वासाने देतात. तू नीट शीक, इन्शाल्ला तुला कांदे मिळतील." मध्ये मध्ये फोन व्हायचा, मग कमी झाला. मी तिसऱ्या वर्षी टीमचा कॅप्टन झालो, हे त्यांना कळवलं होतं. उत्तर आलं: "बिचारी टीम."

या वर्षी माझा निकाल लागला. आमच्या घरातली पहिली डिग्री. अब्बा मुसफ्फाहून आले होते, आम्ही दोघं हॉस्टेलच्या खोलीत मिठाईचा डबा उघडून बसलो होतो. मी नदीमभाईंना निकाल पाठवला. थोड्या वेळाने त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मी स्पीकरवर लावला. शब्द एकही नव्हता. मागे कुठेतरी जहाजाचा भोंगा, आणि पुढे टाळ्या. सावकाश, सुट्या सुट्या, बराच वेळ.

अब्बांच्या हातातला पेढा तोंडाशी जाता जाता थांबला. त्यांनी काळजीने माझ्याकडे बघितलं.

"आता काय चुकलं तुझं?"