सॉरी मीच म्हणते

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना मी परत चिडणार आहे.

सॉरीच्या स्पेलिंगमध्ये दोन आर असतात, हे मला पहिलीपासून पाठ आहे. तो शब्द कुठे गिळायचा, हे मात्र कोणीच शिकवलं नाही! कोणी माझ्या पायावर पाय दिला, तरी सॉरी मीच म्हणते.

किती विनवण्या केल्यावर आईने मला नारायणगावच्या क्लासला एकटीला सोडलं. परत येताना जीपमध्ये शेजारी आमच्याच आळीतल्या सुलामावशी, मांडीवर टोमॅटोच्या रोपांचा ट्रे. ड्रायव्हर बाळूभाऊ मोबाईलवर बोलत होते. समोर कुत्रं आलं आणि त्यांनी कचकन ब्रेक मारला. ट्रे खाली, त्यावर समोरच्या सीटवरच्या एका पाहुण्यांचा बूट!

आणि मी काय म्हणाले असेन?

"सॉरी!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"आगं, तू पाडली व्हय माझी रोपं?"

"नाही मावशी, मी फक्त…"

"मंग सॉरी कशापायी?"

बाळूभाऊंनी संधी साधली. "माझा ब्रेक बरूबर व्हता राव! ही पोरगीच हलली!"

हलले? त्या जीपमध्ये श्वास घ्यायचा म्हटलं तरी शेजारच्याला विचारावं लागतं!

"जाऊ द्या मावशी, पोरगी कबूल तर झाली," पाहुणे म्हणाले. त्यांचा बूट अजून रोपांवरच होता!

मी तोंड उघडलं का? छे! रडले. मग तर सगळ्यांची खात्रीच पटली.

माझ्याआधी बातमी घरी. "एकटी जाते म्हणं! क्लास बंद," आई म्हणाली. मी इतकी संतापले की जेवताना भाकरीशीच भांडले. शेवटी आईला मोबाईलचं सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "चल, बाळूभाऊच्या तोंडावर सांग. खरं असंल तर जा जीपनं."

सकाळी आरशासमोर एकच वाक्य घोटलं, 'मोबाईल तुमच्या कानाला होता!' स्टँडवर गेलो. बाळूभाऊ टपरीवर चहा पीत होते. मोबाईल कानालाच! आईने हाक मारली, ते गर्रकन वळले आणि ग्लासातला चहा आईच्या साडीवर.

"सॉरी!"

कोण म्हणालं? मी!

बाळूभाऊंनी मोबाईल हळूच खिशात टाकला. "बघा वहिनी. मी काय म्हनलो व्हतो?"

आईने साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

क्लास कसाबसा वाचला, जीप मात्र गेली. आता मी काकांच्या दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या मधे बसून जाते. प्रत्येक वळणावर कॅन माझ्या गुडघ्यावर आदळतो.

आणि मी कॅनला सॉरी म्हणते.