घळीतून मारलेली हाक

आमच्या ईट गावाच्या वरच्या अंगाला डोंगराचा माळ आहे. त्यात एक घळ आहे. काळा खडक वरपासून खालपर्यंत उभा चिरलेला. वरून बघाल तर एका ढांगेत ओलांडाल, आणि आत डोकावाल तर दोन विहिरी एकीवर एक ठेवाव्यात एवढी खोल. पावसाळा सोडला तर आत पाण्याचा थेंब नाही की गवताची काडी नाही. भोवतालचं सगळं रान राखीव. निजाम गेला, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, रानाच्या गार्डाची टोपीसुद्धा बदलली. पण राखीव रानात जनावर सापडलं की ते कोंडवाड्यात, हे काही बदललं नाही.

त्या घळीत मी दोराला लोंबकळत उतरले आहे. हे सांगितलं की नातवंडं आधी माझ्या गुडघ्यांकडं बघतात. बघू देत.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेराहून माझ्यासोबत एक शेळी आली होती. सासरी माझी म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू, आणि तीही गाभण, दिवस भरत आलेली. उन्हाळ्याच्या ऐन तोंडाला ती सुटली आणि घळीत पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ओरडणं ऐकून सासऱ्यांचे शेजारी सांगत आले. या शेजाऱ्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं. विहिरी खणण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"जिंदा है," चाचा म्हणाले. "पण मधी फार तंग है. मैं तो नक्को, मेरा पेट अडकता."

सासऱ्यांचे खांदे बैलजोडीच्या जुवासारखे, तेही बाद. माझे मालक बार्शीच्या बाजाराला गेलेले. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ द्या, तिच्या नशिबात तेवढंच हुतं."

आता माझी त्या वेळची अक्कल ऐका. मी चुलीपाशी बसून सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, मी उतरते. माहेरी मी रोज विहिरीत उतरायची." ते खरंच होतं. फक्त माहेरच्या विहिरीला पायऱ्या होत्या, एवढं सांगायचं राहिलं. काडीसारखी अंगलट आणि डोंगराएवढा ताठा, असं ते ध्यान होतं.

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उतर बाई. तुझी शेळी, तुझं हातपाय."

मोटेचा नाडा, म्हणजे मोट ओढायचा जाड दोर आला, एक चऱ्हाट आलं आणि गोणपाट आलं. चाचांनी नाड्याचा एका धावड्याच्या झाडाच्या खोडाला वेढा दिला, खडकाच्या कडेवर घोंगडं घडी करून ठेवलं, म्हणजे दोर घासून तुटू नये. लुगड्याचा कासोटा घट्ट खोचून मी कमरेला नाडा बांधून घेतला.

खरी अडचण पुढंच होती. आमच्याकडं सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, माझा आवाज अजून ऐकलेलाच नव्हता. ते बोलायचे, मी पदराआडून मान हलवायची. मग खालून सांगायचं कसं? मामांनीच तोड काढली. चाचांकडं बघत, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तिला सांग, एक हिसका म्हंजी सोडा, दोन हिसके म्हंजी वढा. वरडायची गरज न्हाय." मी मान हलवली. मलाही ते फार शहाणपणाचं वाटलं.

"पीठ एक दीवार को, पाँव दुसरी को," चाचा म्हणाले. "और नीचे नक्को देखो, बेटी."

मी लगेच खाली बघितलं. पण वर सासूबाई होत्या, त्यामुळं परत फिरायचा प्रश्नच नव्हता. पाठ एका भिंतीला, तळवे दुसऱ्या भिंतीला, अशी मी घासत घासत खाली गेले. मध्ये एके ठिकाणी खडक छातीला आणि पाठीला एकदम लागत होता. तिथं श्वास सोडून निसटले. खाली गारवा होता. शेळी कोपऱ्यात पाय मुडपून बसलेली, ओठ कोरडे, ओरडायचंही बळ संपलेलं. पोटावर हात ठेवला तर आत पिल्लू हललं. बरोबर नेलेल्या ओल्या फडक्यातलं पाणी तिच्या तोंडात पिळलं, तिला गोणपाटात घेऊन चारी टोकं वरून सोडलेल्या चऱ्हाटाला बांधली आणि दोन हिसके दिले.

काही नाही.

परत दोन दिले. वरून फक्त एक अनोळखी पुरुषी आवाज आला. "काय चाललंय हितं?"

गार्ड आला होता.

"काय न्हाय," मामांचा आवाज. "नाडा नवाय. ताणून बघतुय."

"मोट कुठाय?"

"मोट घरी हाय."

मी हिसके देतच होते. नंतर चाचांनी सांगितलं की मामा चऱ्हाटाच्या टोकावर बसले होते, आणि मी खालून हिसका दिला की ते बसल्या जागी पुढं सरकायचे आणि परत मागं यायचे. गार्ड हे सगळं डोळे बारीक करून बघत होता.

इकडं गोणपाटात शेळीनं मान टाकली. मग मला ना सासरा आठवला, ना रीत. सगळं बळ एकवटून ओरडले, "मामा, वढा!"

घळीनं तो आवाज दसपट करून वर फेकला.

"कोण बोललं?" गार्डानं विचारलं.

"आमची सून असंल," मामा म्हणाले. "आवाज म्याबी आजच ऐकला."

"बाई खाली हाय? आन तुम्ही गप्पा मारताय?" असं म्हणत गार्डानंच चऱ्हाट धरलं. शेळी वर गेली. मग नाडा ताणला गेला, आणि तिघांनी ओढून मलाही वर घेतलं.

वर येऊन बघते तर गार्डानं शेळीचा कान धरलेला. "माणूस वाचलं, बरं झालं. शेळी मात्र कोंडवाड्यात. राखीव रान हाय."

त्या हालतीत ती कोंडवाड्यात गेली असती तर ती आणि पिल्लू, दोन्ही गेली असती. मी पदर ओढला आणि पदराआडूनच म्हणाले, "घेऊन जा, दादा. पण साहेबानं विचारलं, घळीतनं हिला वर कुणी काढलं, तर नाव कुणाचं सांगू?"

गार्डानं हातातल्या चऱ्हाटाकडं बघितलं. मग कान सोडला. "तुमच्या सुनंला वकील करा," मामांना म्हणाला आणि टोपी सारखी करत निघून गेला.

"तोंड हाय म्हणायचं," सासूबाई पुटपुटल्या आणि घोंगडं झटकायला लागल्या.

शेळीला चाचांनी खांद्यावर घेतलं. मामा पुढं, मी मागं.

"लागलंय का तिला?" मामांनी पुढं बघतच विचारलं.

मी सवयीनं मान हलवली.

"मान हलवल्याली पाठीला दिसत न्हाय," ते म्हणाले.

"मागच्या पायाला खरचटलंय, मामा. जास्त न्हाय."

"आन तुला?"

"मला कुठं काय," मी म्हणाले. दोन्ही कोपरं सोललेली होती.