पाठमोरी चाल

त्या वर्षी सप्टेंबरात सुमात्रातल्या जळत्या रानांचा धूर समुद्र ओलांडून पासिर रिस या समुद्रकाठच्या उपनगरातल्या आमच्या घराच्या खिडक्यांशी येऊन थांबला होता. ओल्या लाकडाचा आणि करपलेल्या मातीचा तो वास पडद्यांत, उशांच्या अभ्र्यांत, घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांतसुद्धा भरून राहिला होता. भर दुपारी सूर्य राखेत निवत चाललेल्या निखाऱ्यासारखा दिसे आणि समोरच्या ब्लॉकचे वरचे मजले धुरात विरघळून गेलेले असत. दारे-खिडक्या लावून कोंडून बसण्याचा कंटाळा येऊन एका शनिवारी शिरीष म्हणाला, "चल, म्हाताऱ्याला निरोप देऊन येऊ."

म्हातारा म्हणजे घोड्यावर बसून डोळे बारीक करत क्षितिजाकडे पाहणारा तो अमेरिकन नट, ज्याच्या चित्रपटांपायी माझ्या नवऱ्याने पुण्यात कॉलेजचे कितीतरी तास बुडवले होते. हा आपला अखेरचा चित्रपट, असे त्याने स्वतःच जाहीर केले होते. एरवी बँकेतल्या हिशेबांपलीकडे फारसे न बोलणारा शिरीष असे चित्रपट पाहताना मात्र अखंड बोलतो. घोड्याच्या जातीपासून टोपीच्या कडेपर्यंत सगळे मला समजावून सांगतो. मला त्यातले काही कळत नाही. मी नोव्हेनाच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. मेंदूच्या विकारांनी ज्यांची चाल बिघडते, त्यांना पुन्हा चालते करणे हे माझे काम. त्यामुळे रस्त्यात, लिफ्टपाशी, एमआरटी मेट्रोच्या फलाटावर मी माणसांचे चेहरे विसरते, पण चाल विसरत नाही.

थिएटरात तुरळक माणसे होती आणि गारवा हाडांत शिरत होता. कथा साधी होती. तरुणपणी एका निरपराध माणसाला फासावर चढवलेला एक निवृत्त शेरीफ, त्या माणसाच्या भावाला तोंड द्यायला जुन्या गावी परततो. वेशीपाशी घोड्यावरून उतरतो, कमरेचा पट्टा पिस्तुलासकट कुंपणावर अडकवतो आणि निःशस्त्र, एकटा, धुळीच्या रस्त्याने चालू लागतो. संगीत थांबते. कॅमेरा त्याच्या पुढे जात नाही. तो मागेच राहून त्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहतो.

आणि मला ती चाल दिसली. उजवा हात संथ लयीत पुढेमागे होत होता. डावा मात्र कोपरात किंचित वाकून, अंगाशी निश्चल. पावले उचलली जात नव्हती, धूळ घासत सरकत होती. इतरांना तो वार्धक्याचा अप्रतिम अभिनय वाटला असेल, पण मला कळले की ही चाल शेरीफची नाही, ही त्या नटाची, त्याच्या आजाराची आहे. बोलू लागण्याआधीच शरीर जे सांगून टाकते, ते त्याने झाकले नव्हते. काही बोलावे म्हणून मी शिरीषकडे वळले. तो बोलत नव्हता. कितीतरी वेळ बोललाच नव्हता. पडद्याच्या पिवळट उजेडात त्याचा चेहरा ताठ, कोरा दिसत होता.

चित्रपट संपल्यावर मॉलच्या लांबलचक मार्गिकेतून तो माझ्या पुढे चालू लागला. मी दोन पावले मागे होते, पर्समध्ये मास्क शोधत. मान वर केली, तर त्याचा डावा हात हलत नव्हता.

आधी वाटले, पडद्यावरचेच चित्र डोळ्यांत रेंगाळले असेल. मग एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसू लागली. शर्टाच्या बाहीचे बटण लावायला लागणारा वेळ. "बाबा, तू रागावलायस का?" असे त्याचा निर्विकार चेहरा बघून परदेशातून लेकीने व्हिडिओवर विचारलेले. त्याच दिवशी सकाळी त्याने सहज म्हटलेले, "धूर धूर काय करतेस? मला तर काही वास येत नाही." सारे शहर धुमसत असताना त्याला वास येत नव्हता, जी अशा दुखण्याची सुरुवातीची खूण असते, आणि मी, लोकांची दुखणी चालीवरून वाचणारी, त्यावर हसले होते. भीती अंगात थंडगार शिरली.

बाहेर घराकडच्या छताखालच्या वाटेवर तो थांबला. मास्कमधून आवाज दबका आला.

"दिसलं ना तुला?"

मी त्याचा डावा हात हातात घेतला.

"चार-पाच महिन्यांपासून मला शंका होती. बशीत कप वाजायचा. पण घरात तू अशी, की तुझ्यापुढे चार पावलं चाललो की निकाल! म्हणून मी आपला तुझ्या बरोबरीनं, नाहीतर मागून चालायचो."

"मग आज पुढे का गेलास?"

त्याने मास्क नीट केला. "म्हातारा गेला ना, काही न लपवता," म्हणाला.

पुढचे थोडक्यात सांगता येते. दुखण्याला कंपवात हे नाव मिळाले, गोळ्या सुरू झाल्या. आजही तो रोज समुद्रकाठच्या बागेत फिरतो, कधी बरा, कधी अडखळत. भीती गेलेली नाही, ती आता घरातलेच माणूस झाली आहे. पण मला जी वेळ विसरता येत नाही, ती तपासणीच्या दिवसाची, नोव्हेनातल्या माझ्याच रुग्णालयाच्या परिचित मार्गिकेतली. डॉक्टर मृदूपणे म्हणाली, "जस्ट वॉक लाइक यू ऑल्वेज वॉक, ओके?" हेच वाक्य किती वर्षे मी किती जणांना म्हणत आले होते! शिरीष उठला, आणि माझ्या मनात भलतेच उसळले: हात हलव रे, थोडासा हलव, फसव तिला. ज्ञान, अनुभव सगळे बाजूला सरले होते. मला फक्त एवढेच हवे होते, की त्याने उत्तम अभिनय करावा.

तो टोकापर्यंत गेला. वळताना बारीक बारीक पावले टाकत वळला आणि आमच्याकडे येऊ लागला. त्या ताठरत चाललेल्या चेहऱ्यावर डोळे तेवढे उघडे होते, आणि ते घाबरलेले होते, लहान मुलासारखे घाबरलेले. तरी त्याने फसवायला म्हणून हात हलवला नाही.